अ‍ॅव्हरेजपंत

कोथरूडमध्ये राहून पाताळगंगा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. "पनवेलला घर का घेत नाही?" हा पहिला आणि "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" हा दुसरा. पहिल्याला पंत उत्तर देत नाहीत. कोथरूड सोडायला सांगणाऱ्या माणसाची तब्येत बरी नसावी, असं समजून ते त्याला पाणी विचारतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे जातो आणि डायरी बाहेर येते.

त्यांचं खरं आडनाव जिन्याखालच्या पाटीवर आहे. कुरिअरवाल्याखेरीज ते कोणी वापरत नाही. पाठीमागे ते अ‍ॅव्हरेजपंत आणि समोर नुसते पंत. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग, एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. रोजचा रस्ता ठरलेला. चांदणी चौकातून हायवे, बाणेर, वाकड, किवळ्याला एक्स्प्रेसवे, लोणावळा, बोरघाट उतरून खालापूर आणि पुढे पाताळगंगा. जाऊन-येऊन एकशे ऐंशीच्या घरात. पूर्वी चौघं आळीपाळीने गाड्या काढायचे. त्यातले एक निवृत्त झाले, दुसरे मुलाकडे कॅनडाला गेले आणि तिसऱ्याने खरोखरच पनवेलला घर घेतलं. त्याचं नाव पंतांच्या घरात निघत नाही. पंत एकटे उरले आणि वर्षाचा आकडा पंचेचाळीस हजार किलोमीटरच्या वर गेला.

डायरीत २०१२पासूनच्या प्रत्येक टाकीची नोंद आहे. तारीख, लिटर, किलोमीटर, अ‍ॅव्हरेज आणि शेवटचा रकाना 'शेरा'. चरित्रकाराला हा एक रकाना पुरेल. 'पाऊस. वायपर सतत.' 'सासूबाई सोबत, बॅगा दोन.' 'वाकडला पाऊण तास. मन खिन्न.' चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या गांधीजयंतीला पहाटे पाडला, त्या आठवड्याचा शेरा नुसता 'असो' असा आहे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवा पूल सुरू झाला, तेव्हा 'बघू'. डॉक्टरांनी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितल्यावर पंतांनी वेगळी वही केली नाही. त्याच डायरीची मागची पानं घेतली. मेंटेनन्सच्या माणसाला दोन लॉगबुकं पटत नाहीत.

पेट्रोल-डिझेल भरण्याचं त्यांचं शास्त्र आहे. पंप एकच, नोझल तेच, वेळ सकाळी सहाच्या आत. नोझल पहिल्यांदा 'कट' झालं की थांबायचं. पोऱ्याने आकडा गोल करायला आणखी थेंबभर भरलं तर महिन्याचं गणित नासतं. पहाटेचं इंधन थंड म्हणून दाट, असं लोक म्हणतात. टाकी जमिनीखाली असते, तिच्या तापमानाला पहाट आणि दुपार सारखीच, हे पंतांना पक्कं ठाऊक आहे. तरी ते पहाटेच जातात. "विज्ञान आपल्या जागी," ते म्हणतात, "पण सहाला पोऱ्या झोपेत असतो. गोल आकड्याचा आग्रह धरत नाही."

फक्त एकदा त्यांच्या शास्त्राला तडा गेला. कित्येक वर्षं ते बोरघाट न्यूट्रलमध्ये उतरायचे. चढताना खाल्लेलं उतरताना वसूल, हा हिशेब. मग कधीतरी त्यांनी वाचलं, की आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन पूर्ण बंद होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा लगाम सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात, तो धोका वेगळाच. धोक्याचं पंतांना एवढं वाटलं नाही. ते दोन दिवस गप्प होते ते थेंबांमुळे. मग २०१२पासून न्यूट्रलमध्ये किती लिटर गेले ते त्यांनी काढलं आणि डायरीत 'बुडीत' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

अशा माणसाने कोणती गाडी घ्यावी, हे शेजारच्या बंगल्यातला शाळकरी मुलगाही सांगेल. पंत मात्र तीन वर्षं शोधत होते, कारण त्यांना हवी होती ती गाडी घाटात मागून येणाऱ्याला आरशात लहान करणारी. आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःलाही सांगितलेली नव्हती.

मूळ सांगलीत आहे. वालचंद कॉलेजात असताना वडिलांनी त्यांना हिरो होंडाची सीडी १०० घेऊन दिली. ती पेट्रोल नुसतं हुंगायची. होस्टेलवरच्या एका मित्राकडे मात्र यामाहा आरएक्स १०० होती. शंभर सीसीच दोन्हींची, पण आरएक्स टू-स्ट्रोक. विश्रामबागेच्या चौकात सिग्नल सुटला, की मित्र पुढे आणि पंत त्याच्या निळ्या धुरात. मित्राचे पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपायचे आणि तो पंतांकडून उसने घ्यायचा. हिशेबात पंत चार वर्षं जिंकत होते, पण चौकात एकदाही नाही. आता तो मित्र काय करतो विचारलं, तर पंत म्हणतात, "असेल कुठेतरी." स्वर असा, की कर्ज अजून फिटलेलं नसावं.

त्यामुळे गाड्यांतला त्यांचा इतिहास दोन भागांत आहे: घेतलेल्या आणि बघितलेल्या. घेतलेल्यांत एकच नाव, डिझेल स्विफ्ट. तिच्यातलं १.३ मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. इतक्या कंपन्यांनी ते इतक्या गाड्यांत बसवलं, की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. बघितलेल्यांची यादी लांब आहे आणि पंत ती पितरांची नावं घ्यावीत तशी खालच्या आवाजात घेतात. फोर्ड आयकॉन. होंडा सिटीची व्हीटेक, दीड लिटरात १०६ अश्वशक्ती, तीही त्या काळात. औरंगाबादेत जोडलेली पहिली ऑक्टाव्हिया. रांजणगावची लिनिया टी-जेट. प्रत्येक नावानंतर ते क्षणभर थांबतात. मग म्हणतात, "पण अ‍ॅव्हरेज नव्हतं," आणि तर्पण संपतं.

स्विफ्टने साडेतीन लाख किलोमीटर ओलांडले तेव्हा पर्याय बघणं आलं. आणि बघतात तर डिझेल सेडान बाजारातून उठलेली. २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल सोडलं, फोक्सवॅगन-स्कोडानेही सोडलं. सिटीचं डिझेल २०२३पर्यंत टिकलं. पंतांनी हे सुतकासारखं पाळलं, पण मनातून (हे माझं अनुमान) त्यांना हायसं वाटलं असावं. डिझेल असतं तर दुसरं काही घ्यायला कारणच उरलं नसतं.

मग एक्सेल शीट तयार झाली. मी ती पाहिली आहे. संध्याकाळी चहाला बोलावून ते लॅपटॉप उघडत. पहिल्या आवृत्तीत डिझायर सीएनजी सरळ पहिली आली, किलोला ३३ किलोमीटरच्या वर. पंत शीटकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शीटमध्ये 'सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळ' असा नवा रकाना होता आणि त्यांच्या एका तासाची किंमत त्यांच्या खऱ्या पगाराच्या दुप्पट धरलेली होती. डिझायर खाली गेली.

आता होंडा सिटी हायब्रिड वर आली. कंपनी सांगते सत्तावीस; पंतांच्या रोजच्या अंतराला पेट्रोलच्या दीड लिटर टर्बोपेक्षा वर्षाला ऐंशी-नव्वद हजारांची बचत. मी म्हटलं, "झालं की मग." पंत म्हणाले, "थांबा, बूट बघा." साध्या सिटीला ५०६ लिटर आणि हायब्रिडला ३०६, कारण बॅटरी मागे बसलेली. "म्हणजे देवगडहून येताना हापूसच्या पेट्या मांडीवर घ्यायच्या?" पंत शेवटचे देवगडला कधी गेले होते हे वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितलं. तेव्हा बॅटरीचा मुद्दा निघाला. तिची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. पंतांचे एक लाख साठ हजार साडेतीन वर्षांत होतात. हा मुद्दा मात्र रास्त होता. त्या शीटमधला तेवढाच.

हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह त्यांनी घेतली आणि उतरताना बराच वेळ दार धरून उभे राहिले. मी विचारलं, कशी वाटली? "गाडी उत्तम आहे. एक दोष काढता येत नाही. पण आपण गाडी चालवतोय असं वाटत नाही हो. आपल्याला कोणीतरी जपून घेऊन चाललंय असं वाटतं. अजून माझं तेवढं वय झालेलं नाही."

यानंतर शीटमध्ये 'सुरक्षितता' आली. सुरक्षिततेच्या पोटात 'ओव्हरटेकला लागणारे सेकंद' आले, त्यांना आधी शंभरात दहा गुण, मग पंधरा, मग पंचवीस. हे गुण वाढत गेले तसतशा शीटच्या तळातून टर्बो गाड्या वर येऊ लागल्या. इंजिनिअर माणसाने उत्तर आधी धरून मागून गणित सोडवावं, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या पिढीने कधी कुठली हौस उघडपणे केली? फ्रिज घेतला तो औषधं ठेवायला, टीव्ही घेतला तो बातम्यांसाठी, आणि गोव्याला गेलो ते कुलदैवत तिकडे म्हणून. पावती बचतीच्या किंवा कर्तव्याच्या नावाने फाटल्याशिवाय आम्हाला घास गिळत नाही.

शेवटी रिंगणात दोन उरल्या. ह्युंदाई व्हर्ना टर्बो आणि फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटर. दोन्हींना २०२३ साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. टॉर्क जवळजवळ सारखा, २५३ आणि २५०. फरक होता अश्वशक्तीत: व्हर्ना १६० आणि व्हर्टस १५०. इथे पंतांच्या स्वभावाचा गाभा हाती लागतो. ते म्हणाले, "दीडशे ही गरज आहे. एकशे साठ म्हणजे चैन."

शिवाय व्हर्टसच्या इंजिनात एक गोष्ट होती, जिच्याबद्दल बोलताना पंतांचा आवाज कापरा होई. भार कमी असला, की चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद पडतात, आणि गाडी दोनांवर चालते. पाय दाबला की चारही हजर. "म्हणजे बघा," पंत मला सांगत होते, "चार माणसं कामाला ठेवायची, पण काम नसलं की दोघांना बिनपगारी घरी पाठवायचं. आमच्या कारखान्यात युनियनने हे कधी होऊ दिलं नाही." सबंध जर्मनीने इतकी वर्षं डोकं लावून अखेर पंतांसाठी एक निमित्त तयार केलं होतं.

गाडी चाकणला बनते, हा मुद्दा त्यांनी सासूबाईंसाठी राखून ठेवला.

टेस्ट ड्राइव्हचं काय सांगावं. शोरूमचं नाव घेत नाही. तिथला मुलगा बिचारा नवा होता. त्याने विचारलं, "सर, बजेट किती?" पंत म्हणाले, "बजेट राहू दे. किलोमीटरला किती पडेल ते बोल." मुलाने खिशातला कॅल्क्युलेटर काढायच्या आत पंतांनी तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर दिलं. शोरूमचा रस्ता ठरलेला होता: डावीकडे, पंपापर्यंत, यू-टर्न, परत. पंतांना चढ हवा होता. मुलगा म्हणाला, चढ पॉलिसीत नाही. बराच खल होऊन पाषाणकडचा एक चढ मंजूर झाला. तिथे पंतांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. मी मागे बसलो होतो. माझं डोकं सीटला टेकलं आणि तिथेच राहिलं. पंतांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच क्षणी ते सावरले, खाकरले आणि मुलाला म्हणाले, "मागच्या सीटला एसीचे व्हेंट आहेत ना?"

मग ते शोरूमच्या आवारात रुमाल अंथरून गाडीखाली शिरले, फूटपट्टी घेऊन. जमिनीपासूनची उंची कंपनी सांगते १७९ मिलिमीटर. पंतांना ती सोसायटीच्या तीन गतिरोधकांशी ताडून बघायची होती. हे गतिरोधक सेक्रेटरींनी उरलेल्या सिमेंटमध्ये घातलेले आहेत आणि त्यातला मधला ओलांडताना रिक्षावाले देवाचं नाव घेतात. पंतांनी रविवारी सकाळी तिन्हींची उंची दोरी आणि पाणसळ लावून मोजली आणि वार्षिक सभेत विषय मांडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे माथा गोलसर, ताशी पंचवीसने गाडी सुखाने जावी. आपला दुसरा गतिरोधक रुंदीला पाऊण हात आहे. त्याला गतिरोधक न म्हणता उंबरा म्हणावं. सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांच्या एसयूव्ही बिनबोभाट जातात. तुम्हीही एसयूव्ही घ्या."

हे शब्द पंतांना लागले. एसयूव्हीचं नाव काढलं की त्यांच्यातला इंजिनिअर उभा राहतो. "ऐंशीवरून शंभरावर गेलात, की वाऱ्याचा विरोध छप्पन्न टक्क्यांनी वाढतो. सव्वाचा वर्ग करून बघा घरी. त्यातून गाडी उंच, म्हणजे वाऱ्याला कपाळ केवढं! आणि वर सनरूफ. गाडी घ्यायची आहे की गच्ची?"

घरचं लोकमत मात्र गच्चीच्या बाजूने होतं. सासूबाईंना सेडानमध्ये बसता येत होतं, उठता येत नव्हतं. लेक पुण्याला आली की म्हणायची, "बाबा, ऑटोमॅटिक तरी घ्या, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा जाईल." पंतांना हवा होता सहा गिअरचा मॅन्युअल. "गुडघा जाणारच आहे," ते म्हणाले, "निदान कामी आला असं तरी होईल." वहिनी बँकेत अधिकारी आहेत, त्यांनी शीट एकदाच वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "हे ओव्हरटेकचे पंचवीस गुण कोणी दिले?" पंत उठून टेकडीवर फिरायला गेले.

टेकडी म्हणजे वेताळ टेकडी, पण निम्मं कोथरूड तिला एआरएआय टेकडी म्हणतं. १९६६मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन तिच्यावर आहे. जाहिरातीतल्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यामागे हे नाव असतं. लोक त्या टेकडीवर मोर बघायला जातात. पंत कुंपणापाशी जरा रेंगाळतात. आत रोलरवर गाडी उभी करून जागच्या जागी पळवतात. ठरलेला क्रम, कमाल वेग ताशी नव्वद, एसी बंद. "वाकड नाही, बोरघाट नाही, मागे सासूबाई नाहीत," पंत सुस्कारा टाकून म्हणतात. "अशा जगात माझीही गाडी एकोणीस देईल."

दरम्यान पेट्रोलच बदललं. त्यात वीस टक्के इथेनॉल आलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्क्यांचा खड्डा. पंतांनी हे टेबलावर बोटाने लिहून दाखवलं. इंजिन कितपत भरपाई करतं ते इंजिनावर. पण खरी पंचाईत वेगळीच होती. वाळव्याकडे पंतांच्या धाकट्या भावाचा ऊस आहे, तो कारखान्याला जातो आणि कारखाना इथेनॉल काढतो. पंतांनी फोनवर तक्रार केली तर पलीकडून आवाज आला, "दादा, तुझं अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून आम्ही ऊस लावायचा सोडायचा व्हय?" पंतांनी फोन ठेवला. सामायिक शेतात त्यांचाही हिस्सा आहे. त्या उसाचे पैसे एक्सेलमध्ये कुठल्या बाजूला धरायचे, हे त्यांना आजतागायत सुटलेलं नाही.

आणि मग जीएसटी धावून आला. चार मीटरहून लांब, दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आणि सतरा टक्के सेस, असे पंचेचाळीस टक्के लागायचे. २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट चाळीस झाले. त्या दिवशी घटस्थापना होती. तीन वर्षं 'पंत, गाडी कधी?' म्हणून छळणाऱ्या सगळ्या सोसायटीला पंतांनी पार्किंगमध्ये उभं करून वाचलेले रुपये सांगितले. दिरंगाईला दूरदृष्टी म्हणवून घेण्याची संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. पंतांनी ती सबंध नवरात्रभर वापरली.

कर्ज वहिनींच्या नावे काढलं. बँकेच्या कर्मचाऱ्यांना व्याजात सवलत असते. त्यामुळे गाडीही वहिनींच्या नावे आणि कागदोपत्री मोबाइल नंबरही वहिनींचा. पाच वर्षांत वाचणारं व्याज पंतांनी मला दोनदा सांगितलं. हा व्यवहार त्यांना फारच आवडला होता.

दसऱ्याला व्हर्टस आली. झेंडूचं तोरण, पेढे, चाकाखाली लिंबू. पुढच्या चाकांतले ब्रेकचे कॅलिपर लालभडक. वहिनींनी ओवाळता ओवाळता विचारलं, "चाकांना कुंकू कोणी लावलं?" पंत म्हणाले, "कंपनीतूनच येतं. फुकट आहे." सेक्रेटरी मुद्दाम मधल्या गतिरोधकापाशी येऊन उभे राहिले होते. पंतांनी गाडी तिरकी घेतली, एक चाक चढवलं, मग दुसरं. खालून काही आवाज आला नाही. सेक्रेटरींनी पेढा न खाता खिशात ठेवला.

पहिले काही आठवडे पंत ऐंशीच्या वर गेले नाहीत. दीडशे अश्वशक्ती डाव्या लेनच्या कडेने, दोन सिलिंडरांवर, सहाव्या गिअरमध्ये, मालट्रकच्या मागे सुरक्षित अंतर राखून लोणावळ्याकडे सरकत असे. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर दोन सिलिंडर चालू असल्याची खूण आली की पंत श्वाससुद्धा जपून घेत. डायरीतला शेरा: 'दोन सिलि. कामशेतपर्यंत. एसी १. समाधान.' अ‍ॅव्हरेज वीसच्या वर. मला एकदा त्यांच्याबरोबर पनवेलपर्यंत जायचा योग आला, तेव्हा मी म्हटलं, "पंत, याला दीडशे कशाला हवेत?" ते म्हणाले, "असल्याचं समाधान असतं. वापरायलाच हवेत असं थोडंच आहे? मुदत ठेव आपण रोज मोडतो का?"

तेवढ्यात मागून एक एसयूव्ही आली. डोळ्यांत जाणारे दिवे, हॉर्न, सनरूफमधून बाहेर आलेलं एक पोर. तिने आम्हाला उजवीकडून ओलांडलं आणि पोराने पंतांना हात हलवून दाखवला. त्यात काही वाईट नव्हतं. पोरं सगळ्यांनाच हात हलवतात. पण ती गाडी जुनी होती आणि तिच्या मागून निळसर धूर निघत होता.

पंत काही बोलले नाहीत. चष्मा नाकावर वर सारला. सहाव्यातून चौथा. मधल्या दोघांना कामावरून बोलावणं गेलं आणि चौघंही हजर झाले. कामशेतनंतरचा तो सपाट पट्टा मी नेहमी झोपेत पार करतो; त्या दिवशी मला प्रत्येक खांब वेगळा दिसला. एसयूव्ही आधी शेजारी आली, मग आरशात गेली आणि मग आरशात लहान झाली. पंतांनी हात हलवला नाही. वय झालंय त्यांचं. पण ओठ मुडपून त्यांनी शीळ घातली, आणि ती सुरात होती.

घाटाच्या तोंडाशी येताच पुन्हा साठ, पुन्हा डावी लेन. खालापूरच्या फूड मॉलला वडापाव खाताना त्यांनी डायरी काढली. मी वाकून बघितलं. 'ओव्हरटेक १. आवश्यक.' अ‍ॅव्हरेजचा रकाना त्यांनी तेवढा कोरा सोडला होता.

एक्स्प्रेसवेवर २०२४पासून वेग टिपणारे कॅमेरे आहेत. सपाटीला मर्यादा शंभर, घाटात साठ. घाटातली मर्यादा पंतांनी काटेकोर पाळली होती. संध्याकाळी मी डबा परत करायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते सोफ्यावर पाय वर घेऊन बातम्या बघत होते. वहिनी आतून मोबाइल हातात घेऊन बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, मेसेज डोळ्यांपासून लांब धरलेला.

"अहो, हे ११८ काय आलंय?"

पंतांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"वरचा," ते म्हणाले. "खालचा ऐंशी. डॉक्टर म्हणाले, अगदी उत्तम आहे."